स्वारीत घोडा तोंड का वासतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लगाम हातात घेतला की घोडा तोंड उघडतो. मग कुणीतरी सांगतं, नाकपट्टी दोन भोकं आवळ. पट्टी आवळली जाते, तोंड मिटतं आणि प्रश्न सुटला असं सगळे समजतात. तो सुटत नाही, फक्त दिसेनासा होतो. घोडेस्वारी शिकणारे, घोडा पाळणारे आणि तबेल्यात काम करणारे याबद्दल जे जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. पुढे ‘बिट’ म्हणजे तोंडातली धातूची दांडी आणि ‘लगाम’ म्हणजे स्वाराच्या हातातले पट्टे, असं धरून चाला.

बिट चघळणं आणि तोंड वासणं यातला फरक कसा ओळखायचा?

बिट तोंडात असताना जबडा थोडाफार हलणारच. ओठ मिटलेले किंवा जेमतेम विलग, जीभ आत, मधूनच हलकं चघळणं, गिळणं, कान सैल. एवढं असेल तर काळजी नको. तोंड वासणं वेगळं दिसतं. वरचे आणि खालचे दात स्पष्ट सुटलेले असतात, बाजूने पाहिलं तर आतली जीभ दिसते आणि हे सगळं लगामाच्या ओढीबरोबर घडतं. काही घोडे सरळ आ करतात, काही खालचा जबडा एका बाजूला सरकवतात, काही तोंड उघडून डोकं वर फेकतात. क्षणभर उघडून मिटलेलं तोंड आणि दहा-दहा सेकंद उघडंच राहिलेलं तोंड यांना एका मापाने मोजू नका. दुसऱ्याची गणना दुखण्याच्या लक्षणांत होते, त्याबद्दल पुढे येईलच.

बिट नेमकं कुठे बसतं? तिथे एवढं दुखण्यासारखं काय आहे?

खालच्या जबड्यात पुढचे पटाशीचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये एक बिनदातांची जागा असते. स्वार मंडळी तिला ‘बार’ म्हणतात. बिट तिथून आडवं जातं. शांत घोड्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोट आत घालून ही जागा एकदा चाचपून बघा. पातळ ओलसर हिरडी, तिच्याखाली लगेच हाड, आणि हाडाची कडा गोल नाही, निमुळती. मध्ये मांसाचा थर नाही. पलंगाचा कोपरा नडगीवर आपटला की जीव कसा कळवळतो ते आठवा. इथली रचनाही तशीच, कातडीखाली थेट हाडाची आहे.

पण बिटचा पहिला दाब बारवर येत नाही, जिभेवर येतो. तोंड मिटलेलं असताना घोड्याची जीभ जवळजवळ सगळी पोकळी भरून टाकते. जीभ आणि टाळू यांच्यात बिटसाठी राखून ठेवलेली जागा निसर्गाने दिलेली नाही, त्यामुळे कोणतंही बिट जिभेत थोडं रुततंच. बिट घातलेल्या घोड्यांचं तोंड एक्स-रेच्या हलत्या चित्रात पाहिलं गेलं आहे. त्यात घोडा जिभेने सारखा काहीतरी उद्योग करताना दिसतो: जीभ मागे ओढतो, बिटच्या खाली फुगवतो, बिट उचलून दाढांकडे ढकलतो. बाहेरून शांत वाटणाऱ्या तोंडाच्या आतही हे चालू असू शकतं.

लगाम ताणला की आधी जीभ दबते, मग बारवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर दाब येतो. जबडा उघडला की बिटचा कोन बदलतो आणि दाबाची जागा सरकते. घोड्याला तेवढीच सुटका हवी असते.

म्हणजे बिट घातलं की घोड्याला दुखणारच?

असं सरसकट म्हणता येत नाही. नीट बसणारं बिट, निरोगी तोंड आणि हलका हात असेल तर बरेच घोडे तोंड मिटून शांत चालतात. प्रश्न किती ओढीचा आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिटची सवय नसलेले दोन वर्षांचे घोडे घेतले होते. लगाम अडकवलेला, आणि खाणं अशा अंतरावर की ते गाठायला घोड्याने स्वतःच लगाम ताणावा. पहिल्या दिवशी घोड्यांनी साधारण 10 न्यूटन, म्हणजे एक किलो वजनाएवढी ओढ सोसली. नंतरच्या दिवसांत खाणं समोर दिसत असूनही ते त्याहून कमीच ताणू लागले. एका अनुभवात ते शहाणे झाले. स्वारीत मोजलेल्या ओढी अनेकदा याच्या दुप्पट-तिप्पट भरतात, थांबवताना तर आणखी जास्त. हे आकडे माहीत असले की ‘माझा घोडा तोंडाचा कडक आहे’ असं म्हणताना जीभ जरा अडखळते.

दातांचा याच्याशी काय संबंध?

फार मोठा, आणि तपासणी इथूनच सुरू व्हायला हवी.

वयात आलेल्या नराला 40 दात असतात, मादीला साधारण 36, कारण सुळे बहुधा नरालाच नीट येतात. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळण्याने झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद आहे. त्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या जिभेकडच्या कडेला धारदार टोकं तयार होतात. चरताना घोडा हे कसंबसं निभावून नेतो. बिटने ओठ मागे खेचला आणि नाकपट्टीने गाल आत दाबला की तोच गाल त्या टोकांवर घासतो. आत व्रण पडतो, बाहेरून काहीही दिसत नाही, आणि दोष मात्र बिटवर किंवा घोड्याच्या स्वभावावर येतो. पशुवैद्य किंवा दंततज्ज्ञ ही टोकं कानसीने घासून काढतात.

दुसरी गोष्ट ‘वुल्फ टूथ’. पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढे, बहुतेक वेळा वरच्या जबड्यात, एखादा चिमुकला दात येतो. सगळ्यांना येत नाही. आला तरी प्रत्येक वेळी त्रास देतोच असंही नाही. पण तो बिटच्या वाटेत असेल, हलत असेल किंवा हिरडीखालीच दडलेला असेल तर लगामाच्या प्रत्येक ओढीला घोडा दचकतो. काढून टाकणं हे फार मोठं काम नसतं, मात्र ते पशुवैद्यानेच करावं.

तिसरी बाब तरण्या घोड्यांची, आणि तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. दुधाच्या पुढच्या दाढा साधारण अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान पडतात, पटाशीचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास बदलतात, सुळे चौथ्या-पाचव्या वर्षी डोकावतात. नेमक्या याच वयात आपण घोड्याच्या तोंडात पहिल्यांदा बिट घालतो. महिनाभर छान चाललेला तीन वर्षांचा घोडा एका आठवड्यात तोंड वासू लागला, तर शिकवण्यातली चूक शोधण्याआधी अर्धवट सुटलेली दुधाची दाढ शोधा. पाच वर्षांखालच्या घोड्याचं तोंड दर सहा महिन्यांनी आणि मोठ्याचं वर्षातून एकदा तपासून घ्यावं.

तोंडातून रक्त येत नाही, बाहेर जखम नाही. मग आत सगळं ठीकच असेल ना?

नाही. फिनलंडमध्ये शर्यतीत धावून आलेल्या 261 ट्रॉटर घोड्यांची तोंडं तपासली गेली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 84 टक्के घोड्यांच्या तोंडात बिटच्या जागी ताज्या जखमा आढळल्या. रक्त बाहेर दिसणारे घोडे मात्र अगदी मोजके होते. हे घोडे गाडीला जुंपून धावणारे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा स्वारीच्या घोड्यांना लावू नये. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या स्पर्धांतल्या 3,143 स्वारीच्या घोड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत 9.2 टक्क्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांवर इजा किंवा रक्त दिसलं. पण कोपरा हा सहज दिसणारा भाग. बार, गालाची आतली बाजू आणि जिभेखालची जागा बघायला उजेड लागतो, तोंड उघडं धरणारं उपकरण लागतं आणि बहुतेक वेळा घोड्याला गुंगी द्यावी लागते.

बिट चुकीचं आहे हे घरच्या घरी कसं ओळखू?

बिट काढून आधी हातात घ्या. सांध्यावर बोट फिरवा. गंज, खरबरीत कडा, झिजून धारदार झालेलं भोक, चावून फाटलेलं रबर हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. सुटी कडी असलेल्या बिटमध्ये कडी आणि दांडी यांच्या फटीत ओठाची कातडी चिमटते का तेही बघा.

मग रुंदी. बिट तोंडात सरळ धरल्यावर दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा सेंटिमीटर मोकळं राहावं. अरुंद बिट ओठ चिमटतं. रुंद बिट एका लगामाच्या ओढीने सरकतं, मधला सांधा मध्यावर राहत नाही आणि दाब वेडावाकडा पडतो.

उंचीबद्दल ‘ओठाच्या कोपऱ्यात दोन सुरकुत्या’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो. सुरुवातीला तो ठीक आहे, पण मांसल ओठांचा घोडा आणि पातळ ओठांचा घोडा यांच्या सुरकुत्या सारख्या पडत नाहीत. ओठ उचलून आत बघणं जास्त भरवशाचं. बिट सुळ्यांना लागता कामा नये, इतकं खाली नको की जीभ सहज वरून निघेल, इतकं वर नको की कोपरे कायम ताणलेले राहतील.

जाड बिट मऊ असतं असं ऐकलं आहे. खरं का?

अर्धं खरं. जाड दांडीचा दाब जास्त जागेवर पसरतो हे बरोबर. पण तोंडात मुळात जागाच नाही, हे वर आलंच आहे. लहान तोंडाच्या, मांसल जिभेच्या घोड्याला जाडजूड बिट दिलं तर त्याला तोंड नीट मिटताच येत नाही, आणि मग तो तोंड उघडतो म्हणून आपण त्याच्यावर चिडतो. अशा घोड्याला मध्यम जाडीचं, जिभेला थोडी जागा देणारं वक्र बिट अनेकदा पटतं.

घोडा तोंड उघडून ऐकत नाही. कडक बिट लावलं तर?

काही दिवस तो थांबेल. मग त्या बिटच्याही विरोधात तोंड उघडेल आणि तुम्ही आणखी कडक बिट शोधाल.

दांडीच्या बिटचा, म्हणजे तोंडाबाहेर दोन्ही बाजूंना वर-खाली दांड्या असलेल्या कडक बिटचा, हिशेब साधा तरफेचा आहे. तोंडातल्या पट्टीखालची दांडी वरच्या दांडीच्या दुप्पट लांब असेल आणि हनुवटीखालची साखळी ताणलेली असेल, तर हातातल्या ओढीच्या साधारण तिप्पट जोर तोंडावर पडतो. कसलेल्या हातात या बिटचं काम बोटांच्या हालचालीवर होतं. ज्याला अजून दुडकीत तोल सावरता येत नाही त्याच्या हातात ते देणं मला तरी बेजबाबदारपणा वाटतो.

माझा हात जड आहे की घोड्याचीच खोड आहे, हे कळायचं कसं?

दुसऱ्याला मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढायला सांगा आणि संथ गतीने बघा. घोड्याकडे बघू नका, आधी स्वतःच्या मुठीकडे बघा. तोंड प्रत्येक पावलाच्या एकाच ठोक्यावर उघडत असेल, तर ते बहुतेक तुमच्या हाताच्या ठोक्यावर उघडतं आहे.

यामागे घोड्याच्या चालीचं गणित आहे. साध्या चालीत घोड्याचं डोकं प्रत्येक पूर्ण पावलात दोनदा पुढे-मागे डुलतं. कॅन्टरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, एकदा, पण मोठं. हात जागच्या जागी रोवलेला असेल तर प्रत्येक डुलण्याला घोडा स्वतःच बिटवर आपटतो. कोपर मोकळं ठेवून हात त्याच्या मानेबरोबर जायला हवा. दुडकीत उलटं असतं. डोकं तुलनेने स्थिर आणि स्वाराचं अंग वर-खाली. इथे हात अंगाबरोबर उचलला गेला की बिट उचकतं. शिकाऊ स्वार एका चालीत हात हलवायचा विसरतो आणि दुसऱ्यात हलवतो. दोन्हीत घोड्याचं तोंड उघडतं आणि शिक्षक दोन्हीला ‘हात शांत ठेव’ एवढंच सांगतो. ही सूचना पहिल्या बाबतीत चक्क चुकीची आहे.

आणखी एक परीक्षा. घोड्याच्या गळ्यात सैल पट्टा बांधा आणि उठत्या-बसत्या दुडकीत एका हाताची दोन बोटं त्यात अडकवा. बोटांना पट्टा सारखा ताणलेला जाणवत असेल, तर एरवी तेवढाच ताण तुम्ही तोंडावर देत होतात. तोल बैठकीत नसला की माणूस लगामाला लटकतो. यावर उपाय लगामात नाही. लांब दोरीवर, दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या घोड्यावर, हात मोकळे सोडून बसायचा सराव करावा लागतो. कंटाळवाणा आहे, पण याला आडवाट नाही.

तोंड कधी उघडतो यावरून कारण कळतं का?

खात्रीने नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं, आणि पशुवैद्यालाही हीच माहिती सर्वात उपयोगी पडते.

बिट घालतानाच डोकं उचलून दात आवळत असेल किंवा बिट काढताना घाईने मागे सरत असेल, तर तोंडातलं दुखणं किंवा बिट दातांवर आपटल्याची जुनी आठवण समजा. उभ्या उभ्या, लगाम नुसता गोळा केला तरी आ वासत असेल, तर बिट, दात किंवा पक्की झालेली सवय. एकाच बाजूला वळताना, किंवा जबडा नेहमी एकाच बाजूला सरकत असेल, तर दुखणं एका बाजूचं असण्याची शक्यता मोठी. दात तर बघाच, पण मान, पाठ आणि त्या बाजूचा मागचा पायही बघा. स्वाराचा एक हात दुसऱ्यापेक्षा जड असणं हेही इथे हमखास सापडणारं कारण आहे. फक्त चाल कमी करताना, थांबताना उघडत असेल तर बहुधा स्वार बैठकीने काही न सांगता थेट लगाम खेचतो. सुरुवातीला सगळं छान आणि अर्ध्या तासाने तोंड उघडं, तर घोडा थकला आहे किंवा दबलेल्या जिभेला आता सोसवत नाही. आणि फक्त कॅन्टरमध्ये, उतारावर किंवा मान गोळा करून चालायला लावल्यावर उघडत असेल, तर मी तोंडाआधी पाठीकडे आणि पायांकडे वळेन.

स्वार बदलून बघायला विसरू नका. त्याच बिटवर, त्याच खोगिरात दुसऱ्या हलक्या हाताखाली तोंड मिटलं, तर अर्धं उत्तर मिळालं. थोडं झोंबणारं असतं, पण खर्च शून्य.

पाठ किंवा पाय दुखत असेल तर घोडा तोंड का उघडेल?

कारण दुखऱ्या पायावर भार घेऊन, पाठ वाकवून चालायला आपण त्याला लगामानेच भाग पाडतो. लंगडणं डोळ्यांना दिसेपर्यंत बराच काळ जातो. त्याआधी घोडा वागण्यातून सांगत असतो. पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली स्वारीतल्या घोड्याच्या वागण्याची 24 लक्षणांची यादी मांडली. दात सुटून तोंड दहा सेकंद किंवा जास्त वेळ उघडं राहणं हे त्यातलं एक. जीभ बाहेर काढणं, बिट एका बाजूला ओढलं जाणं, कान मागे पडणं, शेपटी सारखी फटकारणं, डोकं तिरकं धरणं, चालायला नाखूश असणं, अडखळणं हीही त्यात आहेत. 24 पैकी 8 किंवा जास्त लक्षणं दिसली तर हाडं, सांधे, स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बळावते. अशा घोड्यांच्या दुखऱ्या भागात बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर तोंड उघडण्यासारखी लक्षणं कमी झालेली पाहिली गेली आहेत. बिट तेच, स्वार तोच, तरीही.

एकटं तोंड उघडणं म्हणजे पाय दुखतोच असा अर्थ मात्र काढू नका. जोडीला आणखी काय दिसतं ते मोजा.

नाकपट्टी आवळली की तोंड बंद राहतं. मग त्यात अडचण काय?

तोंड बंद राहतं, कारण उघडायला जागा नसते. दाब जिथे होता तिथेच आहे, घोड्याची सुटका तेवढी काढून घेतली. शिवाय नवीन दाब वाढला: नाकाच्या हाडावर, खालच्या जबड्यावर, आणि गालाच्या आत दाढांच्या टोकांवर.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नाकपट्टी पूर्ण आवळल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, चघळणं थांबलं, गिळणं कमी झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी जांभया देणं, गिळणं, ओठ चाटणं एरवीपेक्षा कितीतरी जास्त केलं. दाबून ठेवलेली गरज उसळून वर आली असा त्याचा अर्थ लावला गेला. स्वारी संपल्यावर ब्रायडल, म्हणजे डोक्यावरचा बिट-लगामाचा साज, काढताच तुमचा घोडा पाठोपाठ जांभया देत असेल, तर ‘आळशी आहे’ म्हणून हसण्याआधी पट्टीचं भोक बघा.

आणि हे काही अपवादाने घडत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या देशांतल्या स्पर्धांमधल्या 750 घोड्यांची नाकपट्टी मोजली गेली. 44 टक्के घोड्यांत पट्टीखाली मोजपट्टीचं टोकसुद्धा शिरलं नाही. पट्टीखाली असायला हवी ती दोन बोटांची जागा फक्त 7 टक्क्यांत होती.

दोन बोटं म्हणजे कुठे मोजायची?

नाकाच्या हाडावर, समोर, मधोमध. गालाच्या बाजूला मांस दबतं आणि आवळलेल्या पट्टीखालीही बोटं सहज जातात. फसवणूक नेमकी तिथेच होते. मोठ्या माणसाची दोन बोटं, एकमेकांशेजारी ठेवून, न घुसवता आत गेली पाहिजेत. बोटं माणसागणिक वेगळी असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, 2025 पासून स्पर्धांमध्ये ठरावीक मोजमापाचं साधन आणलं आहे.

खालची जोडपट्टी, म्हणजे फ्लॅश, लावत असाल तर ती काढून एक आठवडा स्वारी करून बघा. घोडा काय सांगत होता ते पहिल्या दिवशीच दिसेल, आणि ते दिसणं सुरुवातीला चांगलं वाटणार नाही.

धाप लागल्यामुळे तोंड उघडतो का?

नाही. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. मऊ टाळू आणि घशाची रचनाच अशी आहे की कुत्र्यासारखं तोंडाने धापणं त्याला शक्य नाही. दमलेल्या घोड्याच्या नाकपुड्या फुलतात, बरगड्या भात्यासारख्या चालतात. तोंड उघडं असेल तर त्याचं कारण वेगळं शोधा.

घोडा जीभ बिटच्या वरून काढतो किंवा बाहेर लोंबत ठेवतो. ते काय?

त्याच दुखण्याचं दुसरं रूप. जिभेवरचा दाब असह्य झाला की घोडा जीभ मागे खेचून बिटच्या वर आणतो. मग बिट थेट बारवर बसतं, ते आणखी दुखतं, आणि घोडा घाबरून डोकं फेकतो. अशा क्षणी लगाम खेचू नका. थांबा, उतरा, बिट नीट करा. बिट फार खाली लटकत होतं का ते आधी तपासा, मग जिभेवर जुन्या जखमेचा वळ आहे का ते बघा. जीभ निळसर किंवा जांभळट दिसली तर तिचा रक्तपुरवठा अडला आहे. तिथेच थांबायचं.

जीभ बांधून टाकणं हा शर्यतीच्या मैदानावरचा प्रकार वेगळ्या कारणासाठी होतो, मऊ टाळू सरकून श्वास अडू नये म्हणून. स्वारीच्या घोड्यावर तो उपाय म्हणून उचलू नये.

तोंडाला पांढरा फेस येतो. हे तरी चांगलं लक्षण ना?

ओठांवर पातळ ओलावा असेल तर जबडा हलतो आहे, एवढं समजा. छातीवर उडणारा भरपूर फेस मात्र अनेकदा गिळता न आल्यामुळे साचतो. फेसावर घोड्याचं समाधान जोखू नका.

घोडा बिट दातांत धरून पळतो असं म्हणतात. तसं होतं का?

होतं. घोडा जिभेने बिट मागे उचलून पुढच्या दाढांमध्ये पकडू शकतो. जुन्या बिटवरचे दातांचे ओरखडे आणि त्या दाढांच्या झिजलेल्या कडा याची साक्ष देतात. तो ते उनाडपणा म्हणून करत नाही. दाढेत धरलेलं बिट जीभ आणि बार यांना लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. अशा वेळी दोन्ही हातांनी मागे झुकून खेचणं म्हणजे त्याची पकड पक्की करणं. मोठ्या गोलात वळवत चाल कमी करणं जास्त सुरक्षित, अर्थात तेवढी जागा असेल तर.

दात, बिट, खोगीर, पाय सगळं तपासलं. सगळं ठीक. तरी तोंड उघडतोच. सवय मोडायची कशी?

आधी ती लागली कशी ते समजून घ्या. लगाम ताणला, घोड्याने तोंड उघडलं, स्वार दचकून सैल झाला. दाब गेला. घोड्याच्या दृष्टीने उत्तर बरोबर ठरलं, आणि पुढच्या वेळी तो तेच आधी करून बघणार. दाब शिकवत नाही, दाब कधी सुटतो ते शिकवतं.

म्हणून जमिनीवरून सुरुवात करा. घोड्याशेजारी उभं राहून एक लगाम अगदी हलका ताणा, जेमतेम सैलपणा जाईल इतका. तो तोंड उघडेल, डोकं हलवेल. ओढ वाढवू नका आणि सोडूही नका. जबडा मिटला आणि मान किंचित तुमच्याकडे आली की त्याच क्षणी पूर्ण सोडा. पूर्ण म्हणजे लगामाला झोळ पडेपर्यंत. दुसऱ्या बाजूने तेच. पाच-दहा मिनिटं पुरेत, घोडा वैतागेपर्यंत ताणू नका. हे जमलं की पाठीवरून, उभ्या उभ्या. मग साध्या चालीत. थांबताना आधी बैठक आणि श्वास, मग आवाज, लगाम सर्वात शेवटी.

बहुतेक जण इथे एका चुकीत अडकतात. घोड्याने चार पावलं तोंड मिटून टाकली की खूश होऊन पाचव्या पावलाला आणखी थोडं मागतात. त्या चार पावलांचं बक्षीस म्हणजे सैल लगाम, आणखी मागणं नव्हे.

वर्षानुवर्षांची सवय पूर्ण जाईलच असं नाही. काही घोड्यांत दुखणं बरं झाल्यावरही ताण आला की ती डोकं वर काढते. त्यासाठी घोड्याला शिक्षा करू नका, तेवढ्यापुरतं काम सोपं करा.

बिटच काढून टाकलं तर?

काही घोड्यांसाठी उत्तम, विशेषतः तोंडात जुनी इजा असेल किंवा दात बदलत असतील तर. बिनबिटाच्या ब्रायडलमध्ये दाब नाकाच्या हाडावर, हनुवटीवर किंवा मानेमागे जातो. नाकाचं हाड खालच्या टोकाकडे पातळ असतं, त्यामुळे पट्टी फार खाली नको. दांड्यांच्या यांत्रिक हॅकमोरमध्ये, हाही बिनबिटाचाच प्रकार, तीच तरफ असते, फक्त तोंडाऐवजी नाकावर. जड हात तिथेही जडच. बदल आधी बंद मैदानात करा, आणि स्पर्धेत उतरत असाल तर त्या प्रकारात बिनबिटाची परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. ड्रेसाजच्या, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, नियमांत एफईआय बिट सक्तीचं ठेवते, उड्यांच्या स्पर्धांत हॅकमोर चालतं.

पशुवैद्याला बोलवायचं कधी, आणि त्याआधी काय तयारी ठेवायची?

तोंड उघडणं नव्याने सुरू झालं असेल, झपाट्याने वाढलं असेल, किंवा जोडीला चारा अर्धवट चघळून टाकणं, तोंडाला दुर्गंधी, एका नाकपुडीतून स्राव, वजन उतरणं यातलं काही असेल तर थांबू नका. लगाम नसतानाही घोडा दुखण्याने वागतो आहे, म्हणजे प्रकरण स्वारीपुरतं राहिलेलं नाही. तोपर्यंत पाठीवर बसू नका. घोडा हाताने चालवा.

बोलावताना एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ तयार ठेवा: स्वाराशिवाय हाताने चालवताना, मग स्वारासह दोन्ही दिशांना, शक्यतो नाकपट्टी सैल ठेवून. नेहमीचं बिट, ब्रायडल आणि खोगीर तिथेच असू द्या, स्वच्छ करून ठेवू नका. बिटवर सुकलेलं, दांडीच्या एकाच बाजूला चिकटलेलं, कधी रक्ताची पुसट रेघ असलेलं जे काही असतं, ते धुतल्यावर कुणालाच दिसत नाही.